मदत हवी आहे: ताईच्या मणक्याला टीबी, ऑपरेशन करावं की गोळ्यांवर थांबावं?

ताई ३६ वर्षांची, लातूरजवळ गावी असते. दिवाळीपासून पाठ दुखत होती. खुरपणीत लचक भरली असेल म्हणून शेक, मलम, इंजेक्शनं यांत चार महिने गेले. रात्री कळ येऊन उठायची, संध्याकाळी कणकण, वजन सात किलो उतरलं. खोकला नव्हता, म्हणून टीबी कुणाच्या डोक्यातच आला नाही. एमआरआयमध्ये डी११-डी१२ (पाठीचे शेवटचे दोन) मणके खचलेले, मधली गादी गेलेली, बाजूला पू. सुईने पू काढून सीबीनॅट (टीबीचे जंतू ओळखणारी चाचणी) केलं. टीबी निघाला, पण रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा, एवढा दिलासा. गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झालेत.

एक सर्जन म्हणतात, मज्जारज्जूवरचा दाब काढून स्क्रू-रॉड टाकू. दुसऱ्यांनी हाडांचे सर्जन डॉ. तुली यांचा १९७५ चा 'मधला मार्ग' समजावला: आधी औषधं आणि पट्टा, पायांतली ताकद जायला लागली, पू हटेना किंवा कुबड वाढलं, तरच ऑपरेशन. मला ते पटलं होतं.

पण काल फोनवर ती सहज बोलून गेली, की चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते आणि तिला कळतही नाही. तेव्हापासून झोप नाही. आत पू असताना धातू टाकला तर चिघळणार नाही का? महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन कुणी करून घेतलंय का?

प्रतिसाद:
दादा, माझ्या यजमानांचं हे ऑपरेशन झालंय. चप्पल निसटणं म्हणजे मज्जारज्जू दबतोय. पुढच्या तारखेची वाट बघू नका, आजच सर्जनच्या कानावर घाला. लघवीला त्रास होतो का, तेही विचारा; बायका सांगत नाहीत. स्क्रूची भीती आम्हालाही होती. टीबीचे जंतू धातूवर इतर जंतूंसारखे थर धरत नाहीत, म्हणून गोळ्या चालू असताना टायटॅनियमचे स्क्रू घालता येतात, असं सर्जननी सांगितलं होतं. ऑपरेशननंतरही गोळ्यांचा कोर्स पुरा करावा लागतो. आमच्या १८ महिने चालल्या. योजनेचं हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

धागाकर्ता:
आत्ताच फोन केला. लघवीला बसलं की वेळ लागतो म्हणाली, चार दिवस झाले. दाजींनी गाडी सांगितली आहे, तिला आडवी झोपवूनच आणतायत. दोन्ही सर्जनना एमआरआय पाठवतोय. मी पुण्याहून निघालो.