वक्तृत्व स्पर्धेचं भाषण ११ मिनिटांचं झालंय, काय कापू?

माणदेशी_पोर : टीवायबीएला आहे. बारा दिवसांनी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा, विषय 'पाणी : काल, आज, उद्या', वेळ ७+२ (सात मिनिटं, वर दोन जादा). पाच पानं लिहिलीत. सुरुवातीला शेर, मध्ये आकडेवारी, शेवटी कविता. वेळ लावून म्हटलं तर ११ मिनिटं. गेल्या वर्षी तिसऱ्या मिनिटाला 'जलसंधारण' शब्दावर अडकलो तो अडकलोच, खाली उतरलो. सर म्हणतात, अजून पाठ कर.

लाल_डब्बा : शेर काप. तुझ्याआधी तिघांनी तोच म्हटलेला असेल. मी फिरत्या करंडकांपायी एसटीनं निम्मा महाराष्ट्र पालथा घातलाय, पहिली दोन वर्षं तुझ्यासारखाच लिहून बोलायचो. कागदावर झोकदार दिसणारं वाक्य तोंडात मावत नाही. घरी तुम्ही 'पाणी अडवणं' म्हणता ना? मग स्टेजवरही तेच म्हण.

पानं ठेव बाजूला. फोनवर रेकॉर्डिंग लाव, मित्राला सांगतोयस तसं बोल, नंतर ऐकून उतरव. माझे मिनिटाला ११० शब्द होतात, म्हणजे सात मिनिटांत पावणेआठशेच्या आत. तुझे मोज. पाठ करायचं ते पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि मुद्दा बदलायच्या जागा. बस.

आणि माणदेशातला आहेस, घरात ७२चा दुष्काळ पाहिलेलं कुणी आहे का? खडी फोडायची कामं, सुकडी (तेव्हा वाटलेला पौष्टिक खाऊ), मिलो (बाहेरून आणलेली लाल ज्वारी). त्या दुष्काळात रोजगार हमीनं जोर धरला, १९७७ला राज्याचा कायदा झाला, २००५ला देशाचा. तुझा 'काल' तिथं बसलाय.

तिसरी_खुर्ची : पाठांतराला एवढं हिणवू नका, घाबरलेल्या पोराला तेच तारतं. मी परीक्षक म्हणून बसते. 'सन्माननीय व्यासपीठ'पासून सुरू होणाऱ्या नमनात पाऊण मिनिट जातं, तोवर आम्ही गुणपत्रिकेवर क्रमांक घालत असतो. ते एका ओळीत उरक. सातव्या मिनिटाची घंटा ऐकून पळत सुटू नकोस, दोन मिनिटं हातात असतात.

माणदेशी_पोर : आजीला विचारलं. तेव्हा ती सोळाची. म्हणाली, "मिलोची भाकर लाल व्हायची, पोटात दगडावानी बसायची. पर पानी नव्हतं तिथं लाल-पांढरं कोन बघतंय." १४ मिनिटं बोलली, मी एकदाच 'मग?' म्हटलं. तेच धरून बोललो, ६ मिनिटं ४० सेकंद. फक्त एक, तिचं 'पानी' तसंच ठेवू की 'पाणी' करू? उच्चाराचे दहा गुण आहेत.

तिसरी_खुर्ची : तिचं तिच्यासारखं, तुझं तुझ्यासारखं. मात्र तिचं वाक्य म्हणण्याआधी क्षणभर थांब, नाहीतर चूक तुझ्या नावावर लागेल.

लाल_डब्बा : आणि कविता?

माणदेशी_पोर : कापली. शेर पण.