लुआमध्ये डायजेस्ट लॉगिन स्वतः लिहितोय, स्टेटसचं पान उघडतं पण फोटो मागितला की ४०१

जिरावण_जास्त
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. पीथमपूरला एका कारखान्याच्या गेटवर जुने आयपी कॅमेरे लागलेत, त्यातून दर पाच मिनिटांनी एक फोटो ओढून ऑफिसात पाठवायचाय, एवढंच काम. गेटवर जो राउटर आहे त्यात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) टाकलंय आणि फ्लॅश फक्त ८ एमबी, पायथन त्यात मावणार नाही, लुआ आधीपासून आहे म्हणून लुआसॉकेट या नेटवर्क लायब्ररीवर करून राहिलोय. अडचण अशी की लुआसॉकेटमध्ये बेसिक ऑथेंटिकेशन आहे (पासवर्ड जवळजवळ उघडाच जातो) पण कॅमेरा मागतो डायजेस्ट (पासवर्डऐवजी त्यापासून काढलेला हॅश, म्हणजे ठराविक लांबीचा ठसा, पाठवायचा), ते मलाच लिहावं लागलं.

आता गंमत बघा, स्टेटसचं पान मस्त उघडतं, २०० म्हणजे 'ठीक' येतो. त्याच कोडनं फोटोची लिंक मागितली, जिच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि चॅनल=१ असं आहे, की ४०१, म्हणजे 'आधी ओळख पटवा'. ब्राउझरमध्ये तीच लिंक उघडते, लॅपटॉपवर कर्लला (कमांड देऊन लिंक मागवायचं साधन) डायजेस्टचा पर्याय दिला तरी उघडते. म्हणजे पासवर्ड बरोबर आहे. तीन दिवस झाले, काल रात्री सराफ्यातून येऊन परत बसलो तर दोन वाजले, घरचे म्हणतात कॅमेऱ्याशीच लग्न कर. काय चुकत असेल?

रामबागकर
अरे भिया पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी घे ना, त्यात डायजेस्ट तयार मिळतं, एका ओळीचं काम आहे

जिरावण_जास्त
८ एमबी लिहिलंय हो वरती 🙂

रामबागकर
हां ते वाचलंच नाही. सॉरी. चालू द्या.

जुना_पर्लवाला
लिंक पार्स करून तू पाथ घेतोयस ना? लुआसॉकेटचा यूआरएल पार्सर पाथ वेगळा देतो आणि क्वेरी, म्हणजे प्रश्नचिन्हापुढचा भाग, वेगळी देतो. तू एचए२ मध्ये, म्हणजे मेथड आणि यूआरआय मिळून काढायच्या हॅशमध्ये, नुसता पाथ घातला असणार. स्टेटसच्या पानाला क्वेरीच नाही म्हणून ते चालतं. डायजेस्टमध्ये यूआरआय म्हणजे रिक्वेस्टच्या पहिल्या ओळीत जे जातं ते जसंच्या तसं, प्रश्नचिन्हासकट, आणि तेच हेडरमधल्या यूआरआयमध्येही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की हॅश पूर्ण वेगळा.

आमच्या घरी उखाण्याचं असंच असतं, नाव सरळ सांगायचं नाही, समोरच्यानं दिलेल्या शब्दात गुंफून सांगायचं, आणि यमक चुकलं की आत्याबाई म्हणणार, परत घे. कॅमेरा ही आत्याबाई आहे. शब्द म्हणजे नॉन्स, कॅमेऱ्यानं चॅलेंजमध्ये पाठवलेली अक्षरं, आणि दर वेळी नवा. फरक एवढाच की आत्याबाई निदान सांगतात कुठे चुकलं, हा फक्त ४०१ म्हणतो, म्हणून कॅमेऱ्यासमोर ट्राय करत बसण्यात अर्थ नाही, आधी घरात तालीम कर.

तालीम अशी. आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) २६१७, १९९९ सालचा आहे, त्यात एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण दिलंय, युजरचं नाव मुफासा. त्यातला युजर, रियल्म (सर्व्हरनं सांगितलेलं लॉगिनच्या विभागाचं नाव), पासवर्ड, नॉन्स सगळं तसंच्या तसं तुझ्या फंक्शनला दे. एचए१, म्हणजे युजर कोलन रियल्म कोलन पासवर्ड याचा एमडी५ पद्धतीचा हॅश, ९३९ ने सुरू व्हायला हवा. एचए२, म्हणजे मेथड (गेट की पोस्ट) कोलन यूआरआय, ३९ ने. आणि शेवटचं उत्तर, एचए१, नॉन्स, एनसी (तो नॉन्स कितव्यांदा वापरतोयस), सीनॉन्स (आपण स्वतः बनवलेली रँडम अक्षरं), क्यूओपी (हिशोबाचा प्रकार), एचए२ याच क्रमानं कोलन लावून, ६६२९ ने. तीन टप्पे वेगवेगळे प्रिंट कर, सगळं एका ओळीत कोंबलंस तर कुठे बिघडलं ते कळणारच नाही.

अजून एक, मला यानं एक अख्खा रविवार खाल्ला होता: एमडी५ लायब्ररीत सम आणि समहेक्सा अशी दोन फंक्शनं असतात. सम कच्चे १६ बाइट देतो. इथे पुढच्या हॅशमध्ये ३२ अक्षरांचा, स्मॉल अक्षरांतला हेक्स मजकूर जायला हवा, म्हणजे समहेक्सा.

मुफासा पास झाला आणि कॅमेरा तरी नाही म्हणाला, तर कर्ल जास्त बडबडीच्या मोडमध्ये चालव, त्यानं पाठवलेल्या ऑथरायझेशन हेडरमधला नॉन्स आणि सीनॉन्स उचल आणि तुझ्या फंक्शननं उत्तर काढ. कर्लचं आणि तुझं जुळलं की हिशोब बरोबर, चूक मग हेडर लिहिण्यात.

जिरावण_जास्त
काका पाया पडतो. क्वेरीच होती. मुफासा पहिल्या फटक्यात पास झाला, आणि फोटो आला!! गेटवरचं कुत्रं झोपलेलं दिसतंय.

पण आता दोन नवीन भानगडी. एक, कॅमेऱ्याची वेळ सेट करायला पोस्ट पाठवतो तर तो लटकतो, कितीतरी वेळानं टाइमआउट. दुसरी, रात्रभर चालू ठेवलं तर सकाळी कॅमेऱ्यानं लॉगिनच बंद करून ठेवलेलं, म्हणे बरेच चुकीचे प्रयत्न झाले, थोड्या वेळानं या. पासवर्ड तर तोच आहे.

नर्मदा_लाइन
पोस्टचं मी सांगते, अगदी हेच माझ्याबरोबर झालंय. बॉडी (पोस्टबरोबर जाणारा मजकूर) तू एलटीएन१२ चा (लुआसॉकेटबरोबर येणारी लायब्ररी) सोर्स करून देतोयस ना, स्ट्रिंगवरून बनवलेला? तो सोर्स एकदाच रिकामा होतो, तांब्यातलं पाणी एकदा ओतलं की संपलं. पहिल्या रिक्वेस्टला बॉडी गेली, ४०१ आला, दुसऱ्यांदा तू तोच सोर्स दिलास जो आता रिकामा आहे, पण कंटेंट लेंग्थ मात्र जुनीच सांगितलीस. कॅमेरा बिचारा बॉडीची वाट बघत बसतो. सोर्स प्रत्येक प्रयत्नाला नवीन बनव, आत, लूपमध्ये. किंवा आधी साधी गेट रिक्वेस्ट मारून नॉन्स मिळव आणि मग पोस्ट पहिल्यापासूनच उत्तरासकट पाठव, मला हे जास्त आवडतं कारण मोठी बॉडी दोनदा जात नाही.

लॉगिन बंद होण्याचं कारण: ४०१ आला की परत, परत, परत असं असणार तुझं. ४०१ चे दोन अर्थ असतात. नॉन्स शिळा झाला तर सर्व्हर नव्या चॅलेंजमध्ये स्टेल=ट्रू लिहितो, म्हणजे पासवर्ड ठीक आहे, फक्त नवीन नॉन्सनं हिशोब करून परत ये. उत्तर पाठवूनही ४०१ आला आणि स्टेल लिहिलेलंच नसलं तर तिथेच थांबायचं आणि एरर द्यायची. तुझ्या पाच मिनिटांच्या अंतरात नॉन्स बहुतेक मरतच असेल, तेव्हा जुना जपून ठेवायच्या भानगडीत पडूच नको, दर वेळी नवा घे. जपायचाच असेल तर एनसी प्रत्येक वेळी एकनं वाढव, आठ आकडी हेक्समध्ये, तोच एनसी परत दिला तर काही सर्व्हर त्याला रिप्ले समजून हाकलतात.

जुना_पर्लवाला
+१. आणि सीनॉन्स कशानं बनवतोस रे? मॅथ रँडमनं असेल तर, ओपनडब्ल्यूआरटीवर लुआ ५.१ असतं, त्यात सीड दिलं नाही तर स्क्रिप्ट दर वेळी तोच पाढा म्हणते. युरँडम फाइल (सिस्टिमच रँडम बाइट देते ती) उघड, आठ बाइट वाच, हेक्स कर, संपलं.

रामबागकर
मध्येच बोलतो, पण एमडी५ तर कधीच मोडलाय ना? हे सगळं कशाला, एचटीटीपीएस लावून बेसिक पाठवा

नर्मदा_लाइन
कॅमेऱ्यात एचटीटीपीएस असतं तर मीही तेच म्हटलं असतं, खरंच. डायजेस्टनं फोटो लपत नाही, फक्त पासवर्ड तारेवरून सरळ जात नाही. आणि तारेवर बसलेल्यानं चॅलेंज आणि उत्तर दोन्ही पकडलं तर घरी बसून पासवर्डांची यादी लावून बघू शकतो, तेव्हा पासवर्ड कारखान्याच्या नावापुढे १२३ असा नको. २०१५ च्या आरएफसी ७६१६ मध्ये एसएचए-२५६ आलाय, पण जुन्या कॅमेऱ्याला ते कोण शिकवणार. कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं ठेव आणि राउटरवरून बाहेर पाठवताना टीएलएस (एन्क्रिप्शन) लाव, इतकं आपल्या हातात आहे.

जिरावण_जास्त
पासवर्डाबद्दल काही बोलत नाही 😶 आज बदलतो.

पोस्ट झालं, रात्रभर चाललं, लॉगिन बंद झालं नाही. मागच्या गेटचा कॅमेरा मात्र वेगळ्याच जातीचा निघाला. तो बेसिक आणि डायजेस्ट असे दोन डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर पाठवतो, आणि लुआसॉकेट एकाच नावाचे हेडर स्वल्पविराम लावून एका ओळीत चिकटवतं. माझा पॅटर्न पहिला रियल्म उचलत होता आणि तो होता बेसिकचा. दोन्ही रियल्म वेगळे. आता आधी डायजेस्ट हा शब्द शोधतो आणि तिथून पुढेच वाचतो. स्वल्पविरामावर तोडायचंही सोडलं, कारण क्यूओपीच्या अवतरणातच ऑथ स्वल्पविराम ऑथ-इंट असं येतं आणि त्याचे दोन तुकडे पडत होते.

त्यावरून एक शंका, क्यूओपी परत पाठवताना अवतरणात टाकायचा का? समोरच्या कॅमेऱ्याला दोन्ही चालतं, मागच्याला नाही.

जुना_पर्लवाला
नाही टाकायचा. सर्व्हर अवतरणात पाठवतो, आपण बिनअवतरणाचा पाठवायचा, दोघांतला एकच निवडून, तुझ्यासाठी ऑथ. एनसी आणि अल्गोरिदमही तसेच उघडे. बाकी युजर, रियल्म, नॉन्स, यूआरआय, उत्तर, सीनॉन्स, ओपेक (सर्व्हरनं दिलेली, जशीच्या तशी परत करायची अक्षरं) अवतरणात. आणि एखादा कॅमेरा क्यूओपी पाठवतच नसेल तर तो १९९७ च्या आरएफसी २०६९ वाला म्हातारा आहे, तिथे उत्तर फक्त एचए१, नॉन्स, एचए२ यांचंच, आणि एनसी, सीनॉन्स हेडरमध्ये घालायचेच नाहीत.

जिरावण_जास्त
कॅंटीनच्या बाजूचा तसाच म्हातारा आहे, आत्ताच बघितलं. त्याची वेगळी शाखा लिहितो. तिन्ही चालले की कोड इथेच टाकीन.

रामबागकर
आणि पोहे?

जिरावण_जास्त
रविवारी छप्पन दुकान खाऊगल्लीत, काकांना आणि नर्मदाताईंना माझ्याकडून. तुम्ही आपले पैसे घेऊन या.