'न्यूडिटी'ला मराठीत काय लिहाल?

पाटीपेन्सिल: टीव्हीवरच्या गेम शोजवरून झालेल्या वादांवरचा एक लेख मराठीत करतेय. ब्रिटनमध्ये चॅनल ४ वर २०१६ ला 'नेकेड अट्रॅक्शन' सुरू झाला, रंगीत उभ्या पेट्यांमध्ये सहा जण विवस्त्र उभे असतात, पडदा पायापासून वर सरकतो, चेहरा नंतर दिसतो, आणि डेटसाठी जोडीदार निवडणारा एकेकाला बाद करत जातो. मी 'नग्नता' लिहिलं तर संपादक म्हणतात 'अश्लीलता' करा. मला पटत नाहीये.

नदीकाठ: अजिबात करू नका! वाद त्यावरच तर होता. ऑफकॉमकडे, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामकाकडे, तक्रारी गेल्या, पण शो रात्री नऊनंतरचा आणि त्यात लैंगिक कृती नाही म्हणून त्यांनी चौकशी लावली नाही. आपल्या सुप्रीम कोर्टानेही २०१४ मध्ये टेनिसपटू बोरिस बेकरच्या नग्न फोटोच्या खटल्यात सांगितलंय, नग्न चित्र आपोआप अश्लील ठरत नाही. 'अश्लीलता' लिहिलंत की निकाल तुम्हीच देऊन मोकळ्या.

खलबत्ता: अश्लील म्हणजे मुळात अ-श्रील, ज्यात श्री नाही ते. बाजारात बैल बघतात तसं माणसाला पायापासून वर बघायचं, यात कसली आलीये श्री? शब्द चपखल आहे.

माजघर: सरळ 'नागडेपणा' लिहा की, नग्नता कोण बोलतं घरात? आमच्याकडे उघडा म्हणजे अंगात सदरा नाही, नागडा म्हणजे काहीच नाही. आजी म्हणायची, उघड्यापाशी नागडं गेलं अन् सारी रात्र हिवानं मेलं. न्हाऊन पोरगं नागडं पळालं तर कुणी लाजतं का?

नदीकाठ: पोराचं ठीक, मोठ्या माणसाला नागडा म्हटलं की हेटाळणीच होते. सावकारानं नागवलं म्हणतो ना आपण, लुबाडलं या अर्थी.

खलबत्ता: मग जर्मनीतल्या 'टुटी फ्रुटी'ला तेच लागू. १९९० पासून आरटीएलवर लोक पॉइंटसाठी कपडे उतरवायचे, चॅनलनं नागवलंच की त्यांना.

पाटीपेन्सिल: पण ती माणसं स्वखुशीनं येतात हो. २०२५ मध्ये उल्लू या ओटीटी ॲपवरच्या 'हाऊस अरेस्ट' शोमध्ये होस्टच कपडे काढायला सांगत होता, त्यावर मुंबईच्या आंबोली पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. दोन्हींना एकच शब्द लावला तर फरकच पुसला जाईल.

माजघर: 'उघडंबोडकं' कसं वाटतं?

खलबत्ता: बोडकं म्हणजे डोक्यावर केस नसलेलं, कपड्यांशी काय संबंध!

माजघर: नाही हो, टोपी नसली तरी बोडकंच. आजोबा बोडक्यानं दारातसुद्धा जात नसत.