मदत हवी आहे : क्रूझवरून सान हुआन, एका दिवसात दोन्ही किल्ले होतील का?

जानेवारीत मायामीहून कॅरिबियन क्रूझ आहे. पोर्टो रिकोतल्या सान हुआनला जहाज सकाळी ८ ला लागतं, दुपारी ४ ला सुटतं. बीच नको, जुनं शहर आणि किल्लेच बघायचेत. सोबत साबा (सासूबाई) आहेत, वय ७१, जिने झेपत नाहीत. एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले जमतील? जहाजाची टूर घ्यावी का? पासपोर्ट भारतीय.

तटबंदी (सदस्य) : दोन्ही कराच, एकाशिवाय दुसरा कळत नाही. एल मोरोचं काम स्पेनने १५३९ला सुरू केलं, रोख समुद्राकडे. १५९५ला इंग्रज दर्यावर्दी ड्रेकला तिथूनच परतवलं. पण १५९८मध्ये इंग्रज पूर्वेकडे उतरले आणि जमिनीवरून येऊन किल्ला घेतला. १६२५ला डचांनी शहर जाळलं. म्हणून १६३४पासून पूर्वेच्या वेशीवर सान क्रिस्तोबाल उभा राहिला. १७९७चा इंग्रजांचा हल्ला पूर्वेकडच्या बचावफळीनेच अडवला.

आधी सान क्रिस्तोबाल करा. भुयारं चुकवू नका. तिथल्या अंधारकोठडीच्या भिंतीवर कैद्याने काढलेली शिडाची जहाजं आहेत, दोरखंडांसकट. चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचे पाच हौद आहेत. मग नोर्सागाराय रस्त्याने, समुद्र उजव्या हाताला ठेवून, पश्चिमेला सव्वा-दीड किलोमीटर चाललं की एल मोरो. तिकीट १० डॉलर, २४ तास दोन्हीकडे चालतं, ते फेकू नका. १५ वर्षांपर्यंत मोफत.

उतरताना क्रिस्तो रस्त्याने या. कॅथेड्रलमध्ये पोन्से दे लेओनची, म्हणजे बेटाच्या पहिल्या स्पॅनिश गव्हर्नरची कबर आहे. पुढे सान हुआन दरवाजातून बाहेर पडून तटाखालच्या वाटेने धक्का गाठा, चढ अजिबात नाही.

टूर नको. फक्त धक्का कोणता ते आदल्या दिवशी विचारा. पॅन अमेरिकन धक्का खाडीपलीकडे आहे, तिथून टॅक्सीच लागते.

पायवाट (सदस्य) : साबांसाठी टॅक्सीने थेट सान क्रिस्तोबालच्या दारात उतरा. एल मोरोची अडचण किल्ल्याआधीच्या मैदानातच सुरू होते : गाडी जात नाही, सावली नाही, जाऊन-येऊन किलोमीटरभर. त्यांना मैदानाच्या कडेला बसवून बाकीच्यांनी आत जावं. निळसर फरसबंदी ओली झाली की फार घसरते, चप्पल नको.

घड्याळाचंही बघा. हिवाळ्यात सान हुआन मायामीच्या एक तास पुढे असतं. जहाजाने वेळ बदलली नसेल तर किल्ल्यावरचे साडेनऊ म्हणजे जहाजाचे साडेआठ, आणि मोबाईल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो. परतायचं ते जहाजाच्या वेळेनेच.

तटबंदी : व्हिसाचं राहिलं. पोर्टो रिको अमेरिकेचाच प्रदेश, वेगळा व्हिसा नाही. मात्र वाटेत परदेशी बंदर असेल तर अमेरिकेत पुन्हा प्रवेश धरला जातो, त्यामुळे अमेरिकेचा मल्टिपल एंट्री (अनेकदा प्रवेशाचा) व्हिसाच हवा. बाकी प्रत्येक बेटाचा नियम स्वतंत्र तपासा.