संगणकातील शिसे, पारा, कॅडमियम यांवरच्या मर्यादा अधिक कडक कराव्यात का?

सह्यवारा (धागाकर्ता):
युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील सहा घातक पदार्थांवर मर्यादा घातली. भारतातही २०११ च्या ई-कचरा नियमांतील तशाच मर्यादा १ मे २०१४ पासून लागू झाल्या. शिसे, पारा, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आणि प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात मिसळली जाणारी दोन प्रकारची ब्रोमीनयुक्त संयुगे यांना वजनाच्या ०.१ टक्क्याची, तर कॅडमियमला ०.०१ टक्क्याची मर्यादा आहे. ही टक्केवारी अख्ख्या संगणकावर मोजत नाहीत, तर यांत्रिक रीतीने आणखी वेगळ्या न करता येणाऱ्या प्रत्येक एकजिनसी पदार्थावर मोजतात. त्यामुळे दोन किलोंच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्रॅम शिसे चालून जाईल असा हिशेब करता येत नाही. वायरीचे आवरण, स्क्रूवरचा मुलामा आणि सुटे भाग जोडणाऱ्या सोल्डर या मिश्रधातूचा ठिपका, प्रत्येकाला स्वतंत्रपणे कसोटीला उतरावे लागते. मला ही पद्धत योग्य वाटते आणि तिच्यात ठरावीक वापरांना दिलेल्या सवलती आता कमी व्हाव्यात असे माझे मत आहे, कारण भंगारात गेलेल्या यंत्रातून विष वेचून काढण्यापेक्षा ते मुळात न घालणे केव्हाही सोपे.

जोडणीकार:
मी दुरुस्तीच्या व्यवसायात आहे आणि या मताशी सहमत नाही. कथील ६३ व शिसे ३७ टक्के असलेले जुने सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळत असे, तर कथील, चांदी आणि तांबे यांच्या शिसेविरहित सोल्डरला सुमारे २१७ अंश लागतात. तेवढ्या उष्णतेत सर्किट बोर्डाचे थर आणि शेजारचे सुटे भाग दोन्ही सोसतात. शिवाय शुद्ध कथलाच्या मुलाम्यावर केसासारखे धातूचे तंतू उगवून शॉर्ट सर्किट होऊ शकते, जे थोडेसे शिसे मिसळल्याने बव्हंशी टळत असे. शिसे वाचवण्यासाठी बोर्डच लवकर भंगारात जाणार असेल, तर पर्यावरणाचा लाभ नेमका कोणता, हे कोणी मांडत नाही.

सह्यवारा:
कायद्याने याचा विचारच केला नाही असे नाही. पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक शिसे असलेल्या, उच्च तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरला सवलत दिली गेली. सर्व्हरच्या सोल्डरलाही बराच काळ ती होती. मर्यादा लागू होण्यापूर्वी बाजारात आलेल्या उपकरणांसाठी जुन्या प्रकारचे सुटे भागही चालतात. एवढ्या वर्षांत उद्योगाने शिसेविरहित जोडणी आत्मसात केली असताना, अडचणींचे तेच पाढे वाचण्यात अर्थ नाही.

रसायनी:
आपण दोघेही सोल्डरमध्येच अडकला आहात. दिल्लीच्या सीलमपूर या ई-कचरा फोडणाऱ्या वस्तीत तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात तेव्हा पीव्हीसीच्या आवरणातून डायऑक्सिन ही अतिविषारी संयुगे निर्माण होतात आणि पीव्हीसीवर या नियमांची बंदी नाही. सर्किट बोर्डात सर्रास वापरले जाणारे टीबीबीपीए हे ब्रोमीनयुक्त रसायनही मर्यादित पदार्थांच्या यादीत नाही. पाऱ्याचे श्रेयही सगळे कायद्याला देऊ नये: पडद्यांमागच्या पारायुक्त बारीक ट्यूबना ठरावीक प्रमाणापर्यंत सवलतच होती आणि त्यांना बाजूला सारले ते मुख्यतः विजेची बचत करणाऱ्या एलईडींनी. युरोपने २०१९ पासून प्लास्टिक मऊ करणारी चार थॅलेट रसायने यादीत घेतली, तशी आपलीही यादी वाढायला हवी.

सह्यवारा:
यादी वाढवण्याला माझा पाठिंबा आहे, पण यादी कितीही लांबली तरी तपासणी कोण करणार? आपल्याकडे उत्पादकाच्या स्वयंघोषणेवर भर आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ मधूनमधून नमुने तपासते आणि सूक्ष्म उद्योग नियमांतून वगळले गेले आहेत. २००१ च्या अखेरीस नेदरलँड्सने केबलमधील कॅडमियममुळे सोनीच्या सुमारे १३ लाख प्लेस्टेशनची विक्री रोखली होती, आणि तेव्हा हा युरोपीय कायदा अस्तित्वातही नव्हता. अशी एक कारवाई कंपन्यांना शंभर घोषणापत्रांपेक्षा जास्त कळते.

जोडणीकार:
नमुना तपासणीचे निकाल कंपनी आणि मॉडेलच्या नावासह जाहीर होणार असतील, तर माझा निम्मा विरोध मावळेल. उरलेला निम्मा मात्र, सुटे भाग आणि सर्किटचे आराखडे दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध करून देण्याची सक्ती त्याच नियमांत येईपर्यंत कायम राहील.