मदत हवी आहे : क्वितोया बेटाचे जुने नकाशे आणि नावांचे उच्चार

नमस्कार. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील अगदी पूर्वेकडच्या क्वितोया, म्हणजे ‘पांढऱ्या बेटा’वर मी मुलांसाठी एक लेख लिहीत आहे. सुमारे ७०० चौरस किलोमीटरचे हे बेट जवळजवळ पूर्णपणे हिमाच्छादित असून, टोकांना थोडी खडकाळ जमीन तेवढी उघडी आहे.

त्यांपैकी नैर्ऋत्येच्या टोकावर आंद्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रेंकेल या तीन स्वीडिश प्रवाशांचा शेवटचा तळ होता. जुलै १८९७ मध्ये हायड्रोजनच्या बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघालेले हे तिघे तीन दिवसांतच बर्फावर उतरले आणि घसरगाड्या ओढत, वाहत्या बर्फाशी झगडत ऑक्टोबरमध्ये येथे पोहोचले. १९३० मध्ये त्यांचे अवशेष, रोजनिश्या आणि छायाचित्रांची फिल्म सापडली. तेहतीस वर्षे गोठलेल्या त्या फिल्मवरून छायाचित्रे निघाली, हे मला आजही विलक्षण वाटते. त्यांतील एकात आडव्या पडलेल्या बलूनसमोर दोघे नुसते उभे आहेत. त्या चित्रापुढे मी बराच वेळ थांबतो.

१७०७ मध्ये कॉर्नेलिस गाइल्स या डच खलाशाने हे बेट पाहिल्याचे मानले जाते. पुढे ‘गाइल्स लँड’ या नावाने ते नकाशांवर निरनिराळ्या जागी आणि आकारांत दाखवले गेले. असे जुने नकाशे कोठे पाहता येतील, हे कोणी सांगू शकेल काय? तसेच नॉर्वे किंवा स्वीडनमध्ये राहणाऱ्या सभासदांनी या नावांचे अचूक उच्चार देवनागरीत लिहून दिल्यास मी फार आभारी राहीन.