कमी पैशांत घराची आपत्कालीन तयारी: आधी काय, नंतर काय?

कवडसा

घरात पाच माणसं आहेत. त्यांत दोघे ज्येष्ठ, एकाला रक्तदाबाची रोजची गोळी, आणि एक सहा वर्षांचं मूल. जागा दोन खोल्यांची. वीज-पाणी तीन-चार दिवस बंद पडलं, पूर किंवा भूकंप आला, किंवा घर तडकाफडकी सोडावं लागलं, तर निभावून नेता यावं इतपत तयारी करायची आहे. एकदम मोठा खर्च झेपणार नाही, दर महिन्याला थोडं थोडं घेता येईल. तयार किटच्या याद्या पाहिल्या, त्यात होकायंत्र, दोरखंड, शिट्टी, घडीचा चाकू हेच जास्त दिसतं. पहिल्या महिन्यात नेमकं काय करावं? पाणी किती आणि कशात साठवावं? पॉवर बँक घ्यावी की मेणबत्त्यांवर भागेल? आणि पाणी नसताना शौचालयाचं काय करायचं, हे तर कुठेच सापडलं नाही.

पाणथळ

तयार किट घेऊ नका. पहिल्या महिन्याचा सगळा खर्च पाण्यावर करा, तोही फारसा होणार नाही.

हिशोब असा: माणशी रोज ४ लिटर, त्यातलं साधारण निम्मं पिण्यासाठी, उरलेलं स्वयंपाक आणि हात-तोंड धुण्यासाठी. पाच माणसं, तीन दिवस म्हणजे ६० लिटर. उन्हाळा कडक असेल किंवा कोणी आजारी असेल तर यात वाढ करा. सगळं पाणी २० लिटरच्या कॅनमध्ये भरू नका. भरलेला कॅन २० किलोंचा होतो, तो ज्येष्ठांना उचलता येत नाही, आणि एकच कॅन फुटला तर तिसरा हिस्सा गेला. दोन मोठे कॅन आणि उरलेलं १-२ लिटरच्या शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्यांत, ही वाटणी चांगली. या बाटल्या फुकट मिळतात आणि मजबूत असतात. दुधाच्या प्लास्टिक बाटल्या मात्र नकोत, त्यातला स्निग्धांश आणि प्रथिनं पूर्ण निघत नाहीत आणि जंतू वाढतात. रसायनाचे किंवा तेलाचे जुने कॅन तर कितीही धुतले तरी नकोत.

बाटली साबणाने धुवा, खळखळून काढा. मग १ लिटर पाण्यात १ चहाचा चमचा सुगंध न घातलेलं साधं द्रव ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं, पावडर नव्हे) घालून ते आत सगळीकडे लागेल असं अर्धा मिनिट हलवा, ओता, स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवा. टोपणही याच पाण्यात बुडवून काढा, ते बहुतेक जण विसरतात. नळाला शुद्ध केलेलं पाणी येत असेल तर भरताना आणखी काही घालायची गरज नाही. बाटलीवर तारीख लिहा आणि दर सहा महिन्यांनी पाणी बदला, जुनं झाडांना किंवा फरशीला वापरा.

ठेवायचं कुठे? अंधारात आणि खाली. माळ्यावर नको, ६० किलो वजन भूकंपात डोक्यावर येतं. रॉकेल, पेट्रोल, कीटकनाशक यांच्या शेजारीही नको, त्यांची वाफ प्लास्टिकमधून आत झिरपते. काढताना भांडं किंवा हात कॅनमध्ये बुडवू नका. तोटीचा कॅन मिळाला तर उत्तम, नाहीतर तिरका करून ओता. साठवलेलं पाणी दूषित होतं ते बहुतेक वेळा इथेच.

कवडसा

फार उपयोगी, धन्यवाद. दोन शंका. इमारतीच्या छतावर मोठी टाकी आहे, ती धरली तर एवढं साठवायची गरज आहे का? आणि साठा संपला आणि मिळालेलं पाणी शंकास्पद असलं, तर ब्लीच किती घालायचं?

पाणथळ

टाकी हिशोबात धरू नका. वीज गेली की पंप बंद आणि टाकी सगळ्यांची, ती काही तासांत रिकामी होते. भूकंपात पाइप तडकले की सगळं पाणी वाहून जातं. पूर आला आणि जमिनीखालच्या टाकीत घाण पाणी शिरलं, तर पंप तेच वर चढवतो. पुराचा इशारा मिळाला की उलट करायचं: भांडी, बादल्या, कॅन भरून घ्या आणि घरात येणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. तो आजच एकदा फिरवून पाहा. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह ऐन वेळी जाम झालेला असतो, आणि जोर लावला की दांडाच तुटतो.

गिझर साठवणीचा असेल तर त्यातही पाणी असतं. वीज बंद करा, थंड होऊ द्या, गरम पाण्याचा एखादा नळ उघडा म्हणजे हवा आत शिरेल, आणि खालच्या निचऱ्याच्या तोटीतून काढा.

शंकास्पद पाणी आधी निवळू द्या आणि चौपदरी कापडातून गाळा. मग उकळा: खळखळ उकळी फुटल्यावर १ मिनिट, २००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर ३ मिनिटं. इंधन नसेल तर ५-६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच, लिटरमागे २ थेंब. गढूळ किंवा फार थंड पाण्याला दुप्पट. १ टक्क्याचं असेल तर १० थेंब. ढवळा, ३० मिनिटं ठेवा. क्लोरीनचा हलकासा वास आला पाहिजे. नाही आला तर तेवढीच मात्रा पुन्हा घाला आणि आणखी १५ मिनिटं थांबा. तरीही वास नसेल तर ते पाणी पिऊ नका. २० लिटरच्या कॅनला ४० थेंब, म्हणजे सुमारे २ मिली, औषधाच्या सिरिंजने मोजता येतात. सुगंधी किंवा रंगीत ब्लीच चालत नाही, आणि बाटली वर्षभरात कमजोर होते, म्हणून तिच्यावरही तारीख लिहा. एक मर्यादा कायम लक्षात असू द्या: उकळून जंतू मरतात, ब्लीचने त्यातले बहुतेक. पाण्यात इंधन किंवा कीटकनाशक मिसळलं असेल तर ते जात नाही, असं पाणी सोडून द्या.

तारांगण

प्रकाशाबद्दल. मेणबत्त्या नकोत. अंधारात, मूल घरात असताना, कदाचित गॅस गळत असताना उघडी ज्योत ही दुसरी आपत्ती आहे. त्याऐवजी डोक्याला बांधायचे एलईडी दिवे घ्या, निदान दोन. हात मोकळे राहतात, आणि मंद प्रकाशावर सेलचा एक संच रात्रीमागून रात्री पुरतो. घरातली सगळी उपकरणं एकाच मापाच्या सेलवर चालतील अशी निवडा, म्हणजे साठा एकच करावा लागतो.

सेल टॉर्चमध्ये घालून ठेवू नका. अल्कलाइन सेल पडून पडून गळतो, पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि स्प्रिंग खाऊन टाकते. टॉर्च गरजेच्या दिवशी बंद सापडते ती बहुधा यामुळेच. सेल वेगळ्या पिशवीत, टॉर्चलाच बांधून ठेवा. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका: कमजोर सेल उलटा भारित होतो आणि तोच आधी फुटतो.

पॉवर बँकेचा आकडा फसवा असतो. १०,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप, म्हणजे ३७ वॅट-तास इतकी साठलेली वीज. ५ व्होल्टपर्यंत चढवताना होणारा तोटा वजा केला तर हाती ३० च्या आसपास येतात. सध्याचा मध्यम फोन एका पूर्ण चार्जला १७-१९ वॅट-तास घेतो, म्हणजे एक बँक दीड फोन भरते. घरातल्या सगळ्या फोनना ती पुरणार नाही. एकच फोन चालू ठेवा, बाकीचे बंद. विमान मोडवर ठेवून ठरलेल्या वेळी पाच मिनिटं उघडा, कारण कमजोर सिग्नल शोधण्यात फोन सर्वांत जास्त बॅटरी खातो. कॉल लागत नसला तरी एसएमएस अनेकदा जातो. बँक दर तीन महिन्यांनी भरा. सेलवरचा छोटा रेडिओ त्यानंतर घ्या, मोबाइल मनोरे बंद पडले की बातमी त्यावरच.

ओसरी

मेणबत्ती पूर्ण बाद करू नये असं वाटतं. काचेच्या खोल बरणीत, पाण्याच्या थाळीत उभी केली तर पडत नाही, आणि सेल संपले तर पर्याय तरी राहतो.

तारांगण

बरणीमुळे पडण्याचा धोका कमी होतो, हे खरं. पण भूकंपानंतर किंवा सिलिंडर हलल्यावर घरात गॅस नाही याची खात्री होईपर्यंत कुठलीच ज्योत नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो आणि उभ्या माणसाच्या नाकाला उशिरा कळतो. वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, ना चालू करायला, ना बंद करायला. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात, बाल्कनीतही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जनरेटर दारा-खिडक्यांपासून निदान ६ मीटर दूर.

वेखंड

औषध आणि खाणं. रक्तदाबाची गोळी ही तुमच्या घरातली सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे, कारण ती आपत्तीत कुठे मिळेल याचा नेम नाही. डॉक्टरांना विचारून निदान आठवड्याची जादा पाकिटं ठेवा. नवीन आणली की ती साठ्यात, साठ्यातली वापरात, म्हणजे मुदत उलटत नाही. औषधाचं मूळ नाव आणि मात्रा कागदावर लिहून पिशवीत ठेवा. फक्त ब्रँडचं नाव लिहिलं तर दुसऱ्या ठिकाणी ते मिळेलच असं नाही.

जुलाबावर ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर १ लिटर शुद्ध पाण्यात साखरेचे ६ सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. मीठ जास्त पडलं तर मुलाला ते धोक्याचं आहे, म्हणून चमचा सुरीने सपाट करा, अंदाजाने टाकू नका.

खाण्यासाठी वेगळं काही विकत घेऊ नका. रोज जे खाता तेच दर महिन्याला थोडं जास्त आणा, नवं मागे, जुनं पुढे. तीन दिवसांपैकी निदान एक दिवसाचं न शिजवता खाता येईल असं असू द्या, आणि खारट पदार्थ कमी, ते पाणी ओढतात. डबाबंद वस्तू घेतल्या तर डबा उघडायचा, हाताने फिरवायचा ओपनरही घ्या. वीज गेल्यावर फ्रिज उगाच उघडू नका: बंद राहिला तर ४ तास गारवा टिकतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. त्यामुळे खायचा क्रम आधी फ्रिज, मग फ्रीझर, शेवटी कपाट.

कागदपत्रांच्या प्रती, सुट्या नोटा, दुसऱ्या गावातल्या एका नातेवाइकाचा नंबर हे सगळं झिपच्या पिशवीत. सगळ्यांनी त्याच एका नंबरला खबर द्यायची. मुलाच्या खिशात तो चिठ्ठीवर असू द्या, नंबर आता कुणालाच पाठ नसतात.

ओसरी

शौचालयाचा प्रश्न राहिला. सांडपाण्याची नळी शाबूत असेल तर वापरलेलं पाणी बादलीने एकदम जोरात ओता, ४-६ लिटर पुरतं. थेंब-थेंब ओतून काही होत नाही. पूर असेल किंवा नळी तुंबली असेल तर ओतू नका, ते खालच्या मजल्यावर वर येतं.

तेव्हा दोन झाकणाच्या बादल्या, एक लघवीला, एक शौचाला. हे वेगळं ठेवणं महत्त्वाचं, कारण दुर्गंधी आणि वजन दोन्ही मिश्रणामुळे वाढतं. शौचाच्या बादलीत दोन जाड पिशव्या एकात एक घाला. प्रत्येक वापरानंतर मूठभर लाकडाचा भुसा, राख किंवा बारीक फाडलेला कागद टाका. पिशवी अर्ध्यावर आली की गाठ मारा. पूर्ण भरू दिली तर उचलताना फाटते. बादली पाण्याच्या साठ्यापासून आणि स्वयंपाकाच्या जागेपासून दूर. ज्येष्ठांना खाली बसता येत नसेल तर जुन्या खुर्चीची बैठक कापून खाली बादली ठेवा.

हात धुवायला बाटलीच्या टोपणाला तापलेल्या सुईने चार-पाच भोकं पाडा. बाटली उलटी करून दाबली की बारीक धार येते आणि एका माणसाचे हात पेलाभर पाण्यात साबणासकट धुऊन होतात. साबणाच्या वड्या मात्र दोन-तीन जास्त ठेवा, त्या स्वस्त असतात आणि पहिल्या संपतात.